बटण दाबलं कुणी?

ऑफिसच्या सर्व्हरवरून एक फोल्डर गायब होतं, लॉगमध्ये एक नाव येतं आणि सगळे त्या माणसाकडे बघायला लागतात. पण कॉम्प्युटरनं ते नाव आणलं कुठून? हेच काम करणाऱ्या एका ‘ड्रायव्हरवाल्या’चा हा कबुलीजबाब.

‘मी ड्रायव्हर लिहितो,’ असं सांगितलं की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठल्या गाडीवर?’ अहो, लिहितो म्हटलं, चालवतो नाही! पण तेवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला? राजारामपुरीतल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी तर एकदा ‘रविवारी पुण्याला सोडतोस काय, डिझेल घालतो’ म्हणून विचारलं होतं.

तर आधी तेवढं सांगून टाकतो. मी म्हणतोय तो ड्रायव्हर विंडोजच्या पोटात बसलेला एक प्रोग्रॅम असतो. तुमचं वर्ड, एक्सेल, ब्राउझर ही सगळी हॉलमध्ये बसलेली पाहुणे मंडळी. त्यांना पाणी हवं असेल तर त्यांनी हाक मारायची, आतून कुणीतरी आणून देणार. आत स्वयंपाकघरात असतो कर्नेल. मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं त्याच्या ताब्यात. आणि ड्रायव्हर म्हणजे त्या स्वयंपाकघरात जायची परवानगी मिळालेला बाहेरचा माणूस.

हॉलमध्ये पाहुण्याच्या हातून कप फुटला तर एक कप जातो. आतल्या माणसानं घोटाळा केला तर अख्ख्या घराचा स्वयंपाक बंद. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या असल्याच एका आत बसणाऱ्या ड्रायव्हरला चुकीचं अपडेट मिळालं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातल्या ८५ लाख कॉम्प्युटर्सवर निळा स्क्रीन आला. आपल्याकडे विमानतळांवर चक्क हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या आईला कळलं, की तिचा मुलगा नेमकं काय करतो. ‘म्हणजे असलं काहीतरी तूसुद्धा करू शकतोस?’ तिनं विचारलं.

करू शकतो. आणि मी केलंही होतं. फक्त निळा स्क्रीन आला नाही. एका बाईंची नोकरी जायची वेळ आली.

‘साहेब, चोर सापडला!’

मी एका छोट्या कंपनीत आहे. ऑफिस पुण्यात, मी कोरोनात कोल्हापूरला आलो तो इथंच राहिलो. सकाळी रंकाळ्याला चक्कर, दहा वाजता लॉगिन, असा आपला निवांत कारभार. आमचं प्रॉडक्ट साधं आहे. ऑफिसच्या सर्व्हरवर कुठली फाइल कुणी उघडली, कुणी बदलली, कुणी उडवली, याची नोंद ठेवायची. फाइलकडे जाणारी प्रत्येक हाक आमच्या ड्रायव्हरवरून पुढे जाते. तो फक्त बघतो आणि लिहून ठेवतो. दारातल्या वॉचमनसारखा.

आमच्या गिऱ्हाइकांत कोल्हापूरची एक पतसंस्था होती. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. एका गुरुवारी संध्याकाळी तिथल्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. आवाजात उत्साह नुसता मावत नव्हता.

‘साहेब, तुमच्या सॉफ्टवेअरनं चोर पकडला बघा! कर्जाच्या स्कॅन केलेल्या कागदांचं अख्खं फोल्डर उडवलंय. दुपारी एक बत्तीसला. नावासकट सापडलंय.’

खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं. कोड लिहिणाऱ्याला असा फोन आयुष्यात किती वेळा येतो? आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हा आनंद काही वेगळाच. त्या रात्री मी मित्रांना फोन करून पांढऱ्या रश्श्याची पार्टीसुद्धा दिली.

शनिवारी पुन्हा फोन. या वेळी सूर वेगळा होता. ज्या बाईंचं नाव लॉगमध्ये आलं होतं, त्या संस्थेत पंचवीसहून जास्त वर्षं होत्या. रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते. ‘चौकशी होईपर्यंत घरी बसा’ म्हणून त्यांना सांगण्यात आलं होतं. त्या मात्र एकच वाक्य धरून बसल्या होत्या, ‘मी काही केलेलं नाही.’ संचालक मंडळापुढं प्रकरण जाणार होतं. मॅनेजरना माझ्याकडून एक सही-शिक्क्याचा कागद हवा होता. ‘आमचं सॉफ्टवेअर अचूक आहे, तेवढं लिहून द्या.’

‘देतो की,’ म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर पोटात काहीतरी हललं.

एक बत्तीसला डबा

सोमवारी लॅपटॉप घेऊन मी संस्थेत गेलो. काकू, म्हणजे त्या बाई, माझ्यासाठी मुद्दाम आल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. रागावलेल्या वगैरे नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या.

‘बाळ, मी त्या वेळेला डबा खात होतो,’ त्या म्हणाल्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, ‘मी जातो, मी येतो.’) ‘सव्वा ते पावणेदोन. रोजचं आहे ते. विचार कुणालाही.’

‘आणि कॉम्प्युटर?’

‘त्यो चालूच असतोय की. बंद केला तर सगळे ओरडतात.’

माझा घोट तिथंच अडकला. कारण काकूंच्या टेबलावरचा कॉम्प्युटर हाच संस्थेचा सर्व्हर होता. छोट्या ऑफिसात हे सर्रास असतं. सर्व्हरसाठी वेगळी एसी खोली वगैरे आपल्या कॉलेजच्या पुस्तकात. प्रत्यक्षात कोपऱ्यात एक चांगलं मशिन घेतात, त्यावर सगळ्यांच्या फायली ठेवतात आणि मशिन रिकामं कशाला ठेवायचं म्हणून एका कुणाला तरी त्यावरच बसवतात. काकू सकाळी लॉगिन करायच्या ते संध्याकाळी घरी जाईपर्यंत.

मला काय आठवलं ते सांगतो. पण त्याआधी तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. घाबरू नका, कॉम्प्युटरची नाही. दुधाची आहे.

दूध कुणाच्या नावावर?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे दूध संस्थेत जाऊन उभे राहा. (गोकुळ, म्हणजे आपला जिल्हा दूध संघ, १९६३ पासून हे सगळं चालवतो.) रांग लागलेली असते. प्रत्येक सभासदाला एक नंबर. कॅन घेऊन कधी स्वतः शेतकरी येतो, कधी त्याचा शाळेत जाणारा पोरगा. मोजणारा पोराचं नाव विचारत नाही. तो विचारतो, ‘नंबर?’ दूध, फॅट सगळं वडलांच्या नंबरावर चढतं.

विंडोजमध्ये अगदी हेच चालतं. प्रत्येक अकाउंटला एक नंबर असतो, त्याला एसआयडी म्हणतात. सिक्युरिटी आयडेंटिफायर. दिसायला ‘एस-१-५-२१’ असा सुरू होऊन पुढं आकड्यांची मालगाडी. नाव बदललं तरी नंबर बदलत नाही. एखादं अकाउंट उडवून त्याच नावाचं नवं केलं तरी नंबर नवाच मिळतो. म्हणून आत, कर्नेलमध्ये, सगळा व्यवहार नंबरावर. ‘एस-१-५-१८’ हा एक खास नंबर, तो खुद्द सिस्टिमचा. म्हणजे संस्थेचा स्वतःचा म्हणा ना.

हा नंबर ज्यावर लिहिलेला असतो त्याला टोकन म्हणतात. सभासदाचं कार्डच ते. तुम्ही लॉगिन केलं की तुमच्या नावाचं टोकन तयार होतं आणि तुम्ही उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम ते खिशात घेऊन फिरतो.

आता गंमत बघा. समजा, गावात एक म्हातारे आजोबा आहेत. त्यांना रांगेत उभं राहवत नाही. संस्थेचाच एक नोकर त्यांच्या घरी जाऊन दूध घेऊन येतो. खिशात त्याचं स्वतःचं ओळखपत्र आहे, ‘संस्थेचा कर्मचारी’. पण हातात आजोबांचं कार्ड आहे. त्याला ‘तू कोण?’ असं विचारलंत तर तो म्हणेल, ‘मी संस्थेचा.’ खोटं नाही ते. पण दूध मात्र संस्थेच्या नावावर चढलं, आजोबा राहिले उपाशी! त्याला विचारायचं असतं, ‘हे दूध तू कुणाच्या वतीनं आणलंस?’ मग तो हातातलं कार्ड दाखवतो.

सर्व्हरवर तो नोकर म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या फायलींची कामं करणारा विंडोजचाच भाग. तुम्ही तुमच्या टेबलावरून सर्व्हरवरची फाइल उडवता, तेव्हा सर्व्हरच्या आत ते काम तुमचा प्रोग्रॅम करत नाही. तुमचा प्रोग्रॅम तिथं नसतोच. सिस्टिमचाच एक थ्रेड तुमचं कार्ड हातात धरून ते काम करतो. खिशातलं कार्ड म्हणजे प्रायमरी टोकन, हातातलं ते इम्पर्सोनेशन टोकन. ड्रायव्हरनं खिशात हात घातला तर मिळणार ‘एस-१-५-१८’. हातात काय आहे ते बघितलं तर मिळणार तुम्ही.

आणि तिसरी गोष्ट, वेळेची. दूध संस्थेतून टँकरमध्ये गेलं की संपलं. टँकरवाल्याला थांबवून ‘हे कुणाच्या म्हशीचं?’ विचारलंत तर तो काय सांगणार? ‘संघाचं!’ विंडोजमध्येही तुम्ही ‘सेव्ह’ दाबलं की मजकूर लगेच डिस्कवर जाईलच असं नाही. आधी मेमरीत साठतो, मग सिस्टिमचा एक थ्रेड सवडीनं तो खाली उतरवतो. त्या वेळी ‘कोण?’ विचारलंत तर उत्तर एकच, सिस्टिम. म्हणून नाव विचारायचं ते काट्यावर. म्हणजे फाइल उघडली जात असताना. तेव्हाच ते टिपून त्या फाइलच्या चिठ्ठीला लावून ठेवायचं. पुढं टँकर कुठंही जाऊ दे.

दूध संस्थेतल्या मोजणाऱ्या पोराला हे सगळं पाठ असतं. इंजिनीअरिंग करून आलेल्या मला दोन वर्षांपूर्वी नव्हतं.

माझी एक ओळ

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रॉडक्टचा पहिला डेमो होता. सर्व्हरवर ड्रायव्हर चढवला, दुसऱ्या मशिनवरून फायली उघडल्या, उडवल्या. लॉग बघितला तर प्रत्येक ओळीत ‘सिस्टिम, सिस्टिम, सिस्टिम’. मी खिशात हात घालत होतो ना! बॉस म्हणाला, ‘हे कोण विकत घेणार? मला नावं हवीत. शुक्रवारपर्यंत.’

शुक्रवारपर्यंत! तुम्हीसुद्धा नोकरी करता, तुम्हाला हा शब्द माहीत आहे. मी शोधाशोध केली, दोन रात्री जागलो. मग एक आयडिया सुचली. ड्रायव्हरकडून ‘सिस्टिम’ असं उत्तर आलं, की त्या क्षणी मशिनसमोर जो कुणी लॉगिन करून बसलाय त्याचं नाव लिहून टाकायचं. एक ओळ. टेस्ट मशिनवर मीच बसलेलो, त्यामुळं सगळीकडे माझंच नाव आलं. सगळे खूश. डेमो पास. सोमवारी पुढचं काम सुरू झालं आणि ती ओळ तिथंच राहिली.

आता लक्षात आलं ना? पतसंस्थेत त्या दुपारी नेटवर्कवरून कुणीतरी फोल्डर उडवलं. काम केलं सिस्टिमच्या थ्रेडनं. माझ्या ड्रायव्हरनं खिशातलं कार्ड बघितलं, ‘सिस्टिम’ मिळालं. मग माझ्या त्या ओळीनं बघितलं, मशिनसमोर कोण लॉगिन आहे? काकू. लिहिलं नाव. काकू पलीकडच्या खोलीत भाकरी खात होत्या.

मशिननं खोटी साक्ष दिली होती. आणि मशिनला ती शिकवणारा त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून बसला होता.

मशिन म्हणतंय म्हणजे...

‘एवढ्याशा गोष्टीवरून कुणी नोकरीवरून काढतं का?’ असं तुम्हाला वाटत असेल तर ब्रिटनमधलं पोस्टाचं प्रकरण वाचाच. तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टिम आणली, फुजित्सु कंपनीची. हिशेबात तूट दिसायला लागली. छोट्या छोट्या गावांत पोस्ट चालवणारी माणसं म्हणत होती, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. सिस्टिम म्हणत होती, कमी आहेत. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोकांवर गुन्हे सिद्ध झाले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. कंपनीच्या लोकांना दुरून शाखेच्या हिशेबात हात घालता येत होता, हे कितीतरी वर्षं नाकारलं गेलं. अखेर २०१९ मध्ये कोर्टानं सिस्टिममध्ये दोष होते असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून ते गुन्हे पुसावे लागले.

त्या सगळ्यांचं म्हणणं काकूंसारखंच होतं. मी काही केलेलं नाही.

उलट टोकाचं उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. चोरांनी बँकेच्या सर्व्हरमध्ये शिरून एक नकली स्विच उभा केला. एटीएममधून ‘पैसे देऊ का?’ हा प्रश्न आला की खऱ्या बँकेला न विचारताच हा नकली स्विच ‘दे’ म्हणायचा. क्लोन केलेली कार्डं घेऊन माणसं २८ देशांतल्या एटीएमसमोर उभी होती. आपल्याकडेही पैसे निघाले आणि त्यात आपलं कोल्हापूरही होतं. सगळं मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना दोषी ठरवलं.

एका ठिकाणी ‘कोण?’ हा प्रश्न योग्य जागी पोचलाच नाही आणि पैसे गेले. दुसऱ्या ठिकाणी मिळालेलं उत्तर कुणी तपासलं नाही आणि माणसं गेली. माझी ओळ दुसऱ्या जातीची होती.

पाचांतला एक

पुन्हा पतसंस्थेत येऊ. सुदैवानं विंडोज स्वतःचीही एक नोंदवही ठेवतं. कुणी आत आलं की ४६२४ क्रमांकाची नोंद होते, आणि नेटवर्कवरून आलं असेल तर तिच्यात प्रकार ‘३’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या मशिनवरून, तेही असतं. एक बत्तीसच्या थोडं आधी अशी एक नोंद होती. कर्ज विभागातल्या कॉम्प्युटरवरून. अकाउंटचं नाव ‘लोन’.

मॅनेजरसाहेब सावरून बसले. ‘म्हणजे कोण?’

कर्ज विभागात गेलो. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. वर ‘लोन’, खाली पासवर्ड. ते अकाउंट पाच जण वापरत होते, त्यात दोन शिकाऊ पोरं.

‘पाचांतलं कोण ते सांगा ना,’ मॅनेजर म्हणाले.

इथं मला दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार आठवला. पुन्हा एक नाव हवं होतं. पुन्हा घाई होती. पाचांतला त्या दिवशी सगळ्यात घाबरलेला पोरगा समोर उभा होता आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. मी म्हणालो, ‘साहेब, मशिनला एवढंच माहीत आहे. नंबर कळतो. नंबर कुणाच्या हातात होता, ते नाही कळत. ते तुम्हालाच माहीत असायला हवं होतं.’

त्यांना ते आवडलं नाही. पण मी तसंच लिहून दिलं. आमच्या लॉगमधलं काकूंचं नाव चुकीचं आहे, ती चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे, ते काम कर्ज विभागाच्या मशिनवरून ‘लोन’ या अकाउंटनं झालं आहे आणि माणूस कोण ते या नोंदीवरून सांगता येत नाही. खाली सही केली. बॉसला आधी विचारलं नाही, नंतर ऐकून घेतलं. भरपूर.

फोल्डर बॅकअपमधून परत आलं. काकू मंगळवारी कामावर रुजू झाल्या. गुन्हेगार सापडला नाही. खरं सांगायचं तर गुन्हा होता की नाही, हेच आता कुणी सांगू शकत नाही. डिस्क भरत आली होती, जुनं साफ करा असं सगळ्यांनाच सांगितलेलं होतं.

काकूंचा प्रश्न

निघताना काकूंनी चहा मागवला. मी त्यांना दुधाची तीच गोष्ट सांगितली, जी वर तुम्हाला सांगितली. पंचवीस वर्षं खातेवही सांभाळलेल्या बाई, त्यांना एका दमात कळली. मग त्यांनी विचारलं,

‘म्हणजे मशिनला ठाऊक नव्हतं. मग ‘ठाऊक नाही’ असं का म्हणालं नाही ते?’

उत्तर सोपं होतं. मी त्याला तसं म्हणू दिलं नव्हतं. लॉगमधला एक रकाना रिकामा दिसेल, क्लायंटला बरं वाटणार नाही, म्हणून मी त्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाचं नाव भरलं होतं.

त्या आठवड्यात मी ती ओळ काढली. आता आमचा ड्रायव्हर फाइल उघडतानाच विचारतो. विंडोजमध्ये त्यासाठी सी-कॅप्चर-सब्जेक्ट-कॉन्टेक्स्ट नावाची सोय आधीपासूनच आहे, ती खिशातलं आणि हातातलं अशी दोन्ही कार्डं समोर ठेवते. हातात असेल तर हातातलं घ्यायचं, नसेल तर खिशातलं. लॉगमध्ये आधी नंबर जातो, नाव नंतर बाहेर शोधून शेजारी लिहिलं जातं. आणि खरोखरच सिस्टिमचं काम असेल तर ‘सिस्टिम’, कळलंच नाही तर ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं येतं. दोन रात्रींचं जागरण वाचवायला मी जी शोधाशोध केली होती, त्याच्या अर्ध्या वेळात हे झालं. शुक्रवारची घाई नव्हती, एवढंच.

‘माहीत नाही’ हे शब्द बॉसला अजून खुपतात. ‘काहीतरी प्रोफेशनल लिही,’ असं तो दर रिलीजला सांगतो. मी दर रिलीजला विसरतो.

काकू गेल्या वर्षी रिटायर झाल्या. निरोपसमारंभाचं बोलावणं मलाही होतं. गेलो. पेढा देताना मॅनेजरसाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, ‘ह्यो बघा, आमचा ड्रायव्हर.’

शेजारी उभ्या असलेल्या एका संचालकांनी लगेच विचारलं, ‘कुठल्या गाडीवर?’

तुमच्या ऑफिसात हे तपासा!

• जागेवरून उठलात की स्क्रीन लॉक करा. विंडोजचं बटण आणि ‘एल’. चहाला जातानाही. एक सेकंद लागतो.

• एक अकाउंट पाच जण वापरत असाल तर आजच वेगळी मागून घ्या. उद्या काही झालं तर पाचही जण संशयित ठरतात आणि सुटायला कुणाकडेच पुरावा नसतो.

• पासवर्डची पिवळी चिठ्ठी मॉनिटरवरून काढा. कीबोर्डखालूनसुद्धा!

• दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सीखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मित्राचंच तर होतं’ ही सबब पुरत नाही.

• लॉगमध्ये तुमचं नाव आलं तर घाबरून काहीही कबूल करू नका. तीन प्रश्न विचारा: हे नाव कुठल्या क्षणी टिपलं? काम त्याच मशिनवरून झालं की नेटवर्कवरून? विंडोजच्या स्वतःच्या नोंदीशी हे जुळतं का? कोर्टातही कॉम्प्युटरची नोंद नुसती ठेवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

• आणि तुम्ही माझ्यासारखे कोड लिहिणारे असाल तर रिकामा रकाना रिकामा राहू द्या. त्यात भरलेलं नाव कुणाच्या तरी घरी जातं.